आधी ऐकावे, मग उघडावे

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो मोठा मेळावा भरला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी डोळे भरून पाहिला असेल. हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या त्या गाड्या, त्यांचे आरशासारखे मडगार्ड, दिव्यांच्या पितळी आणि निकेली कडा, चामड्याच्या बैठका. पाहणाऱ्याने हरखून जावे असाच तो थाट होता. आपल्या जुन्या घरांतील आजी-आजोबा नातवंडांना बोट धरून नेत होते आणि संस्थानी अमदानीतल्या आठवणी सांगत होते. परंतु रंग कोणी दिला, किंमत किती, पूर्वी कोणत्या महाराजांकडे होती, याच प्रश्नांची तिथे वर्दळ होती. ही गाडी चालती कोण ठेवतो, असे विचारणारा एकही मनुष्य मला त्या गर्दीत भेटला नाही.

हा प्रश्न कोणी विचारीत नाही, हेच या लेखाचे कारण आहे. ज्या तंबोऱ्याची हस्तिदंती नक्षी शाबूत आहे, पण जवारी गेली आहे, त्याला आपण वाद्य म्हणत नाही. दिवाणखान्यातील शोभेची वस्तू म्हणतो. मोटारीचेही तसेच आहे. विशेषतः वेगासाठी आणि हातातल्या चाकाच्या सुखासाठी जन्मलेल्या युरोपीय स्पोर्ट्‌स मोटारी, म्हणजे एमजी, जॅग्वार, आल्फा रोमिओ, पोर्श, या चालल्या तरच त्यांना अर्थ आहे. आणि त्या चालतात त्या मोठ्या कंपनीच्या शोरूममुळे नव्हे. जगभर त्या चालतात त्या गल्लीबोळातल्या लहान, स्वतंत्र कारखान्यांमुळे, जिथे एक मिस्त्री, दोन पोरे आणि भिंतीवर टांगलेले पाने एवढेच भांडवल असते.

संगीत शिकवणाऱ्याने या धंद्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण कानाचे आहे. माझे वडील संस्थान विलीन होण्याच्या सुमारास, पोरसवदा वयात, दरबारात सारंगी धरीत; मी त्यांचे उतारवयातले अपत्य. घरात पैसा फारसा नव्हता, पण बेसूर काय आणि सुरेल काय, हे ओळखण्याची सक्ती मात्र दोन्ही वेळच्या जेवणासारखी होती. पुढे एका स्नेह्याच्या जुन्या एमजीच्या निमित्ताने मी आमच्या शहरातील एका मिस्त्रींच्या कारखान्यात जाऊन बसू लागलो, आणि हा मनुष्य दिवसभर जे करतो ते मी वर्गात करतो त्याहून फार वेगळे नाही, असे माझ्या ध्यानात आले.

आजची मोटार बिघडली की तिला एक यंत्र जोडतात आणि ते यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवते. जुन्या गाडीला असा आकडा दाखवण्याची सोय नाही. तिच्यात संगणक नाही, तिला आपली व्यथा लिहून देता येत नाही. ती फक्त लक्षणे दाखवते: आवाज, वास, धूर, थरथर आणि उष्णता. वैद्याने नाडी पाहावी तसे मिस्त्रीला त्यावरून निदान करावे लागते. या कामात सर्वांत मोठे पाप कोणते, तर निदानापूर्वी पाना उचलणे.

एक उदाहरण देतो. एमजी टीडी ही दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स गाडी इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४९ पासून १९५३ पर्यंत तयार झाली. सुमारे ३० हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. १२५० घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, विजेचा पेट्रोल पंप. यंत्र म्हणावे तर सोपे. आमच्या स्नेह्यांच्या टीडीला असा रोग जडला, की सकाळी ती एका झटक्यात सुरू होई, अर्धा तास झकास धावे, मग गुदमरल्यासारखी होऊन रस्त्यात बंद पडे. वीस-पंचवीस मिनिटे थंड झाली की पुन्हा जणू काही झालेच नाही अशी चालू! एका गॅरेजने कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतले, टाकी उतरवून साफ केली, नवा पंप बसवला. प्रत्येक वेळी बिल झाले आणि प्रत्येक वेळी गाडी अर्ध्या तासाने तशीच थांबली.

मिस्त्रींनी काही उघडले नाही. ते म्हणाले, “मास्तर, रोग्याला रोग असेल तेव्हाच बघायचे.” गाडी घेऊन ते मालकासह निघाले आणि ती बंद पडेपर्यंत चालवली. बंद पडल्यावर त्यांनी चावी फिरवली आणि कान दिला. एसयूचा विजेचा पंप टिकटिक करतो. पेट्रोल भरेपर्यंत तो भराभर वाजतो, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की मंदावून थांबतो. टाकी रिकामी असेल किंवा नळीत हवा शिरत असेल तर तो वाजतच राहतो, आणि मुळीच वाजला नाही तर त्याचे पॉइंट किंवा अर्थिंग गेलेले असते. इथे पंप तीन-चार ठोके देऊन गप्प झाला. वाटीचे झाकण उचलले तर पेट्रोल काठोकाठ. म्हणजे ज्या बाजूवर आधी एवढा खर्च झाला होता, ती बाजू अर्ध्या मिनिटात निर्दोष ठरली.

उरली ठिणगी. प्लगच्या वायरीवर ती बारीक आणि पिवळसर पडत होती. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पाहिले, तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणग्या उडत होत्या. पॉइंट उघडताच कॉइलमधला प्रवाह एकदम तुटावा लागतो, तरच प्लगवर जोरदार ठिणगी पडते. आणि तो एकदम तुटावा म्हणून कंडेन्सर नावाची एक अंगठ्याएवढी डबी तिथे बसवलेली असते. तिच्या आतले आवरण जुने झाले, की थंड असताना ती काम करते आणि तापली की दगा देते. मिस्त्रींनी खिशातला चांगला कंडेन्सर बाहेरूनच जोडला. इंजिन सुरू झाले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. जुनी डबी पुन्हा जोडली, इंजिन पुन्हा आचके देऊ लागले. नवी जोडली, पुन्हा ठीक. “आता म्हणायचे निदान,” ते म्हणाले.

या शेवटच्या पायरीला मी फार मान देतो. रोग गेला म्हणजे कारण कळले असे नव्हे. चार वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी चालू लागली, तर कोणत्या वस्तूने चालू लागली हे कोण सांगणार? तंबोऱ्याच्या चारही खुंट्या एकदम पिळणारा विद्यार्थी कधी तरी सुरात येतोही; पण त्याला तंबोरा लावता येतो असे आपण म्हणत नाही. आधी जोड मिळवावी, मग पंचम, मग खर्ज. एक हलवावे आणि ऐकावे. मिस्त्रींचाही क्रम असाच ठरलेला आहे: आधी व्हॉल्व्हची फट, मग ठिणगी आणि टायमिंग, आणि कार्ब्युरेटर अगदी शेवटी. पहिल्या दोन गोष्टी चुकलेल्या असताना तिसरी जुळवणे म्हणजे बेसूर षड्जावर पंचम मिळवणे.

त्या कार्ब्युरेटरची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. पादत्राणांच्या व्यापारातील स्किनर घराण्यातल्या भावांनी १९०५ च्या सुमारास तो काढला, आणि पहिल्या एसयूंमध्ये चामड्याचा भाता होता. चामड्याच्या घरातून आलेला तो भाता पेटीच्या भात्याचाच चुलतभाऊ म्हणावा. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला, तत्त्व तेच राहिले: इंजिन जितकी हवा ओढील तितका पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई तितक्याच प्रमाणात पेट्रोलची वाट मोकळी करते. गाडीला दोन कार्ब्युरेटर असले, तर दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. ते जुळवण्याचे जुने साधन म्हणजे रबरी नळीचा हातभर तुकडा. एक टोक कानाला, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सुस्कारा एका उंचीचा येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. मला हे प्रथम दाखवले तेव्हा दोन तानपुरे एकमेकांशी मिळवताना जी तंद्री लागते तीच लागली. कारखान्यात या कामाला ‘ट्यूनिंग’ म्हणतात. शब्द उगीच आलेला नाही.

इंजिनाचे पोट तपासण्यातही कान लागतो. एकेका सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. सायलेन्सरच्या नळीतून आली तर एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह गळतो. कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेटचा. आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेले. इंजिन न उघडता एवढे कळते. मग उघडायचे की नाही, आणि उघडायचे तर कुठे, हे मालकाला खर्च होण्यापूर्वीच सांगता येते.

गंमत अशी, की आवाज होणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. टॅपेटची बारीक टकटक ऐकून पुष्कळ मालक बेचैन होतात आणि ती बंद करण्याचा हट्ट धरतात. फट कमी केली की टकटक थांबते खरी. पण फट गरजेपेक्षा कमी झाली तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो जळतो. ठरलेल्या फटीत टॅपेट थोडे वाजले तरी चालेल. गप्प टॅपेटचा भरवसा नाही. वर्गातही माझा हाच अनुभव आहे. जो विद्यार्थी चुकत चुकत मोठ्याने गातो त्याची मला काळजी वाटत नाही. ओठांतल्या ओठांत गुणगुणणाऱ्याची वाटते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मी कानाचे गूढ स्तोत्र गातो आहे. तसे नाही, आणि माझे खरे भांडण इथूनच सुरू होते. आपल्याकडे ‘उस्ताद बोट लावून रोग सांगतो’ अशा आख्यायिका फार. बोटाने रोग ओळखणारा असेल. पण ज्याला आपले उत्तर मोजून पडताळता येत नाही, त्याच्यावर दुसऱ्याचा जीव सोपवता येत नाही. कान संशय देतो, निर्णय मापाने व्हावा. दाबाचा गेज, फिलर गेज, मीटर ही साधने वापरल्याने उस्तादाची इभ्रत जात नाही. आमच्या मिस्त्रींनी कानाने पंप निर्दोष ठरवला, पण वाटीचे झाकण उचलून डोळ्यांनी खात्रीही केली. ती खात्रीच त्यांची उस्तादी.

दुसरी तक्रार विद्या झाकून ठेवण्याची. टीडीच्या इंजिनाचेच पाहा. हे इंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात तयार झाले तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीचा; मॉरिस यांनी तो १९२३ साली घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक; देश इंग्रज, म्हणून त्याच बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची. ज्याला हे ठाऊक नाही तो डोक्यावरून आटे ओळखतो, व्हिटवर्थ बोल्ट जबरदस्तीने पिळतो आणि सत्तर वर्षे टिकलेले आटे एका दुपारी खलास करतो. तीच गोष्ट बॅटरीची: या गाडीत ‘प्लस’ टोक सांगाड्याला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या उलट. सवयीने उलटी जोडणारे थोडे नाहीत. ही माहिती कोणी एका पिढीने दुसरीला सांगितली तरच राहते. आणि ती सांगायची नाही, पोराला फक्त पाने पुसायला लावायचे, ही आपल्या कारखान्यांची जुनी खोड आहे.

आम्हा गवय्यांच्या घरांना ही खोड नवी नाही. बंदिशी मुलीच्या लग्नात हुंड्यासारख्या द्यायच्या, शिष्याला अर्धीच सांगायची, हे आमच्याकडे चाललेच. पण याच बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली सरकारी आश्रयाने संगीतशाळा काढली आणि स्वरलिपीने शिकवले. याच बडोद्यात १९१६ साली भातखंड्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि घराण्यांच्या तिजोऱ्यांतील चिजा कागदावर याव्यात म्हणून आयुष्य वेचले. त्या वेळी कित्येकांना तो अधर्म वाटला. आज ज्यांची घराणी संपली त्यांच्या चिजा उरल्या आहेत त्या त्या कागदांमुळेच. मग मोटारीच्या कारखान्यात एक साधी वही का नसावी? गाडी कोणती, लक्षण काय, कोणत्या क्रमाने तपासले, शेवटी काय निघाले, एवढ्या चार ओळी रोज लिहिल्या तर दहा वर्षांत तो ग्रंथ होईल.

हे आजच का बोलायचे, याला तातडीचे कारण आहे. २००० साली आपल्या देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजण्याचा प्रश्न आला. जाणत्या कारखान्यांनी कठीण धातूच्या बैठकी बसवून तो सोडवला. आता दुसरा आला आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल आपण गाठली. ऊस पिकवणाऱ्याच्या दृष्टीने आणि परकीय चलनाच्या दृष्टीने त्याचे समर्थन होऊ शकते; तो वाद इथे नको. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. तापलेल्या एग्झॉस्टजवळ गळणारी पेट्रोलची नळी म्हणजे काय, हे सांगायला मिस्त्री नको. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या मापावर जुळवलेल्या कार्ब्युरेटरला मिश्रण पातळ पडते, इंजिन अधिक तापते. मग सुई बदलावी लागते किंवा जेट थोडे खाली घ्यावे लागते, प्लगचा रंग पुन्हा पाहावा लागतो. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर ठीक. दारात झाकून ठेवलेली आजोबांची गाडी दिवाळीला बाहेर काढणाऱ्या प्रत्येक घराने आधी इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालाव्यात, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ठेवू नये. हा सल्ला कोणत्याही आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर येणार नाही. तो जाणत्या मिस्त्रीकडूनच मिळेल. आणि तो मिस्त्री उद्या असेल काय?

त्याची पोरे या धंद्यात येत नाहीत, याचे दुःख करणारे आपणच त्याचे बिल कापतो. टीडीच्या मालकांनी बिल पाहून विचारले, “एवढ्याशा डबीचे एवढे पैसे?” मिस्त्री हसले, उत्तर मी दिले. डबीचे पैसे थोडेच आहेत. ती कुठली हे ओळखण्याचे आहेत. तासभर उभे राहून ऐकण्याला आपण काम समजत नाही, आणि न लागणारा पंप बदलण्याला मात्र काम समजतो, कारण पंप डोळ्यांना दिसतो. पालकही मला विचारतात, “महिनाभरात एकच राग?” त्यांना वाटते, फी रागांच्या संख्येवर आकारावी! जोवर आपण निदानाच्या वेळेचे पैसे निदानाचे म्हणून मोकळ्या मनाने देत नाही, तोवर कारखानदाराला वस्तू बदलूनच पोट भरावे लागेल, आणि मग त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

माझे मागणे तीन आहेत. मालकांनी बिलात निदानाचा वेगळा आकार मान्य करावा. कारखानदारांनी वही ठेवावी आणि पोराला पाने पुसण्याबरोबर पंपाची टिकटिक ऐकायलाही उभे करावे, अर्थात पगार देऊन. आणि मेळावे भरवणाऱ्यांनी रंगाच्या चकाकीला बक्षीस जरूर द्यावे, पण गाडीच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली तिच्या मिस्त्रीचेही नाव लिहावे. मैफलीच्या जाहिरातीत गवयाच्या नावाखाली साथीदारांची नावे छापण्याची रीत पडायलाही काळ लागला. सारंगीवाल्याच्या मुलाला ते चांगले ठाऊक आहे. ती पडली म्हणून गवयाचे काही कमी झाले नाही. मोटारवाल्यांचेही होणार नाही.